हाताचा गुण

4 मे 1911 रोजी डॅनियल डेव्हिड पामर यांनी पी. डब्ल्यू. जॉन्सन नावाच्या सहकाऱ्याला एक पत्र लिहिलं. विषय व्यवसायाचा होता, थाट मात्र धर्मसंस्थापकाचा. आपण सुरू केलेल्या कायरोप्रॅक्टिकला, म्हणजे हाताने मणके हलवून उपचार करण्याच्या विद्येला, धर्माचा दर्जा मिळवावा का, हा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात घोळत होता. मेरी बेकर एडी यांच्या ख्रिश्चन सायन्स पंथाला अमेरिकेतल्या काही राज्यांनी वैद्यकीय कायद्यांतून सूट दिली होती; तीच वाट पामर यांना खुणावत होती. पण धर्म म्हटला की त्याला प्रमुख लागतो. पामर यांनी येशू, महंमद, मार्टिन ल्यूथर, जोसेफ स्मिथ आणि एडीबाई अशी नावं घेतली आणि त्याच रांगेत स्वतःसाठी जागा करून टाकली. संकोच हा त्यांचा दोष कधीच नव्हता.

मागून गाडी आदळल्यामुळे मान धरलेला माणूस आज कायरोप्रॅक्टरच्या टेबलावर झोपतो, तेव्हा त्याला या पत्राची खबरही नसते. त्याला मोक्ष नको असतो, मान वळायला हवी असते. 'कट्' असा आवाज होतो, मान जरा हलकी वाटते. पण त्या आवाजासोबत बहुतेक वेळा एक स्पष्टीकरणही त्याच्या पदरात पडतं: मणका जागचा हलला होता, तो बसवला, नस दबली होती, ती मोकळी केली. मान हलकी झाली म्हणून हे स्पष्टीकरण खरं ठरतं का? आणि ते खोटं निघालं, तर हलकं वाटणंही खोटंच का? सव्वाशे वर्षं हा व्यवसाय याच दोन प्रश्नांवरून आपसांत आणि बाहेरच्यांशी भांडतो आहे.

पामर यांचा जन्म 1845 मध्ये कॅनडात, टोरांटोजवळ झाला. अमेरिकेत येऊन त्यांनी शाळेत शिकवलं, मधमाश्या पाळल्या, किराणा मालाचं दुकान चालवलं, सोनेरी मासेही विकले. 1886 पासून ते हातातल्या 'चुंबकीय' शक्तीने रोग बरे करू लागले. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी त्यांचा दवाखाना ज्या इमारतीत होता, तिथे हार्वी लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय माणूस साफसफाईचं काम करायचा. सतरा वर्षांपूर्वी अवघडून वाकलेलं असताना पाठीत काहीतरी सटकलं आणि तेव्हापासून ऐकू येईनासं झालं, असं त्याने सांगितलं. पामर यांनी त्याची पाठ चाचपली, त्यांना एक मणका जागचा सरकलेला वाटला, तो त्यांनी दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं. तारीख सांगितली जाते 18 सप्टेंबर 1895. अडचण एवढीच, की ऐकण्याची नस पाठीतून किंवा मानेतून जातच नाही. आतल्या कानापासून मेंदूपर्यंतचा तिचा सगळा प्रवास कवटीच्या आतच होतो. लिलार्डला खरोखर ऐकू आलं असेल तर आनंदच आहे, पण ते पामर यांच्या कारणाने आलेलं नाही. कायरोप्रॅक्टिकच्या पहिल्याच रुग्णापाशी गुण आणि कारण यांची अशी फारकत झालेली दिसते. या नव्या विद्येला नाव सुचवलं तेही पामर यांच्या ओळखीच्या सॅम्युअल वीड या पाद्र्याने.

पुढे पामर यांनी या अनुभवावर जे बांधलं ते वैद्यकापेक्षा ईश्वरशास्त्राच्या जवळचं होतं. विश्वात एक सर्वव्यापी प्रज्ञा आहे, तिचाच अंश प्रत्येक जीवात उपजत प्रज्ञा म्हणून राहतो आणि मज्जातंतूंमधून शरीराचा कारभार चालवतो. मणका जरा सरकला, ज्याला त्यांनी सबलक्सेशन म्हटलं, की या कारभारात अडथळा येतो आणि रोग होतो. 95 टक्के रोग मणक्यांमुळे, उरलेले 5 टक्के इतर सांध्यांमुळे. जंतू, आहार, आनुवंशिकता यांना या हिशेबात जागाच उरली नाही. ही विद्या आपल्याला जिम ॲटकिन्सन या मृत डॉक्टरच्या आत्म्याकडून मिळाली, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. 1927 मध्ये राल्फ स्टीफनसन यांनी या मताची 33 सूत्रं पाठ्यपुस्तकात मांडली. त्यातलं पहिलं सूत्र मणक्यांबद्दल नाही, सर्व पदार्थांत वसणाऱ्या प्रज्ञेबद्दल आहे.

हे वाचून 'हा तर आपला प्राणच' असं म्हणायचा मोह मराठी वाचकाला होईल. तो आवरलेला बरा. प्राणाच्या कल्पनेचा संसार फार मोठा आहे. श्वास, अन्न, ध्यान, मरण यांच्याशी ती जोडलेली आहे आणि दोन हाडांच्या मध्ये तिचा चिमटा बसतो असं उपनिषदांत कोणी म्हटलेलं नाही. पामर यांची प्रज्ञा मात्र नेमकी मणक्यापाशी अडते, आणि तिथे नेमका त्यांचाच हात पोहोचतो. ज्या तत्त्वाला व्यवसायाचा पत्ता इतका अचूक ठाऊक असतो, त्याच्याकडे जरा सावधपणे पाहावं.

तरीही हे सगळं केवळ ढोंग होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. जिवंत शरीर म्हणजे निव्वळ यंत्र नव्हे, ही त्या काळातल्या मोठमोठ्या विचारवंतांचीही धारणा होती. आंरी बर्गसाँ यांचं सर्जनशील उत्क्रांतीवरचं पुस्तक 1907 मध्ये आलं आणि त्यातल्या जीवनप्रेरणेच्या कल्पनेने युरोप भारून गेला. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम जेम्स यांचं 'प्रॅग्मॅटिझम' प्रसिद्ध झालं. आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावात शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे हाताने हाडं-सांधे हाताळण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीचा, व्यवसाय केल्याचा खटला चालला. आदल्याच वर्षी खुद्द पामर यांना विनापरवाना वैद्यकीसाठी शिक्षा झाली होती आणि दंड भरण्याऐवजी आधी ते तुरुंगात जाऊन बसले होते. मोरिकुबो यांचे वकील टॉम मॉरिस यांनी वेगळी चाल खेळली. हे वैद्यकही नाही, ऑस्टिओपॅथीही नाही. याचं तत्त्वज्ञान वेगळं आहे, म्हणून ही विद्याच वेगळी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्युरीने मोरिकुबो यांना निर्दोष सोडलं. त्या दिवसापासून तत्त्वज्ञान ही या व्यवसायाची ढाल झाली. ज्याने तुरुंग टळतो ते तत्त्वज्ञान पुढे पुरावा विरोधात गेला तरी सहजासहजी टाकून देता येत नाही. कायरोप्रॅक्टरांचा हट्ट समजून घ्यायचा तर हा खटला विसरून चालत नाही.

विल्यम जेम्स यांचा या गोष्टीशी संबंध केवळ सालाचा नाही. ते हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर होते आणि तरुणपणी स्वतः पाठदुखीने हैराण झाले होते. 1867 मध्ये त्यासाठी ते युरोपातल्या औषधी झऱ्यांवर जाऊन राहिले होते. 1898 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे परवान्याविना उपचार करणाऱ्यांवर बंदी घालणारं विधेयक आलं, तेव्हा बाकीचे डॉक्टर एका बाजूला असताना जेम्स विरोधात उभे राहिले. मनाच्या बळावर बरं करणाऱ्या पंथांचे सिद्धान्त त्यांना पटत नव्हते, पण लोकांना येणारा गुण ही वस्तुस्थिती आहे आणि ती तपासण्याची संधी कायद्याने मारू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. श्रद्धेची पारख तिच्या मुळावरून नको, फळावरून करा, हे सूत्र त्यांनी पुढे धार्मिक अनुभवांवरच्या 1902 च्या ग्रंथात मांडलं.

या कसोटीवर कायरोप्रॅक्टर अगदीच नापास होत नाहीत. मिनेसोटातल्या गर्ट ब्रोनफोर्ट यांच्या गटाने 2012 मध्ये मानदुखीच्या 272 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनंतर हाताने मणके हलवून घेतलेल्यांना गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. पण त्याच प्रयोगात ज्यांना दोन भेटींत घरी करायचे व्यायाम शिकवले, त्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. जुन्या कंबरदुखीबाबतही 2019 च्या मोठ्या आढाव्यात असंच चित्र निघालं: हे उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांच्या बरोबरीने चालतात, पुढे जात नाहीत. व्यायामाला उपजत प्रज्ञा लागत नाही. म्हणजे फळ आहे, पण ते त्याच झाडाचं आहे असं म्हणता येत नाही.

शिवाय मराठीत 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' म्हणतात, त्याचा पाठदुखीइतका चांगला दाखला क्वचितच सापडेल. मणक्यांमधली गादी फुगून किंवा फुटून पायात कळ जायला लागली की माणूस घाबरतो. पण बहुतेकांची ती कळ काही आठवड्यांत-महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते आणि बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीरच शोषून घेतं. दुखणं सर्वांत जास्त असतं तेव्हाच लोक उपचाराला जातात, म्हणजे उतार बहुधा त्यानंतरच पडतो. जो कोणी त्या वेळी समोर असेल, त्याच्या हाताला गुण. (पायांतली शक्ती जात असेल, जांघेत बधिरपणा येत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मात्र कोणत्याही टेबलावर न झोपता थेट रुग्णालय गाठावं, तिथे तासांना किंमत असते.)

'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आहे' ही वाक्यंही तपासून घ्यायला हवीत. गादी मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. ती फुगते, फाटते, झिजते, पण बशीसारखी सरकत नाही. 1994 मध्ये अमेरिकेत ज्यांना पाठदुखी नाही अशा 98 जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या 52 टक्के लोकांत किमान एक गादी फुगलेली होती, 27 टक्के लोकांत ती आणखी पुढे आलेली होती, आणि सर्व गाद्या ठीकठाक असलेले फक्त 36 टक्के. यंत्रातल्या चित्रात दिसणारा बिघाड आणि माणसाला होणारी वेदना यांचं नातं कायरोप्रॅक्टर सांगतात तेवढं सरळ नाही आणि बरेच शल्यविशारद सांगतात तेवढंही सरळ नाही. टेबलावरच्या 'कट्' आवाजाचंही तसंच. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठात बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण झालं, त्यात सांध्याच्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. हाड 'बसल्याची' खूण म्हणून त्या आवाजाकडे पाहण्यात अर्थ नाही.

मग वेदना कुठे असते? व्हिपलॅशच्या, म्हणजे गाडीच्या धडकेने मान झटकल्यानंतरच्या, दुखण्याने या प्रश्नाला जेवढं छळलं आहे, तेवढं तत्त्वज्ञांनीही छळलेलं नाही. लिथुएनियातल्या काउनस शहरात नव्वदच्या दशकात फार थोड्या चालकांचा इजेचा विमा होता आणि मागून धडक बसली की वर्षानुवर्षं मान दुखते, ही समजूतही तिथे पसरलेली नव्हती. तिथल्या पोलिसांच्या नोंदींवरून एक ते तीन वर्षांपूर्वी मागून धडक बसलेल्या 202 जणांना गाठलं गेलं आणि अपघात न झालेल्यांशी त्यांची तुलना केली गेली. मान दुखते म्हणणारे पहिल्या गटात 35 टक्के, दुसऱ्यात 33 टक्के. 1996 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि पश्चिमेकडे गदारोळ उठला. निवड धडक बसलेल्यांची होती, जखमींची नव्हे, हा त्यावरचा आक्षेप रास्त होता. मग कॅनडातल्या सस्कॅचवानची पाळी आली. 1 जानेवारी 1995 पासून तिथे वेदनेपोटी भरपाईचा दावा लावण्याची पद्धत बंद झाली आणि दोष कोणाचाही असो, ठरलेले लाभ देणारा विमा लागू झाला. मानेच्या इजेचे दावे दर लाख लोकांमागे 417 वरून 302 वर आले, नंतर 296 वर. दावा निकाली निघायला लागणारा मध्यम काळ 433 दिवसांवरून 194 दिवसांवर आला. हा अभ्यास करणारे डेव्हिड कॅसिडी मुळात कायरोप्रॅक्टर, आणि पैसा पुरवला होता तिथल्या सरकारी विमा संस्थेनेच. दावा बंद झाला म्हणजे मान बरी झाली असं नव्हे, असं टीकाकार म्हणाले, तेही खोटं नाही.

यावरून 'सगळं मनातच असतं' किंवा 'सगळी नाटकं पैशासाठी' असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं काम आहे. निकोलाय बॉगडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनं व्हिपलॅश असलेल्यांच्या मानेतल्या मणक्यांचे छोटे सांधे बधिर करून पाहिले. 1995 च्या त्यांच्या अहवालात 54 टक्के रुग्णांची वेदना तिथूनच येत असल्याचं आढळलं. पुढे 17 रुग्णांवर त्यांनी आणखी धारदार प्रयोग केला. सांध्यातून वेदना नेणारी बारीक नस उष्णतेने निकामी केली. काहींना फक्त तसं केल्याचा देखावा. ज्यांची वेदना गेली त्यांच्या मानसिक त्रासाच्या चाचण्याही सुधारल्या, तेही मनावर कसलेच उपचार न करता. म्हणजे या रुग्णांत मन दुखण्याचं मूळ नव्हतं, दुखण्याने ते पिचलं होतं. काउनस आणि न्यूकॅसल दोन्ही खरी असू शकतात. शरीर आणि मन अशी दोन खाती उघडून प्रत्येक दुखणं एकात जमा करायची सवय तेवढी सोडावी लागते.

इथे जेम्स यांच्याशी वाद घालावा लागतो. फळ महत्त्वाचं, मूळ नाही, असं म्हणताना त्यांनी गृहीत धरलं होतं की स्पष्टीकरण एका बाजूला राहतं आणि गुण दुसऱ्या बाजूला. पण दुखणाऱ्या माणसाला दिलेलं स्पष्टीकरण बाजूला राहत नाही, ते फळाचाच भाग होऊन बसतं. 2013 मध्ये न्यूझीलंडमधल्या कंबरदुखीच्या रुग्णांच्या मुलाखतींतून असं दिसलं, की उपचारकाने कधीकाळी उच्चारलेलं एखादं वाक्य लोक वर्षानुवर्षं बाळगतात आणि त्यानुसार वाकणं, उचलणं, काम करणं ठरवतात. 'तुमचा मणका सारखा निसटतो' हे ऐकलेला माणूस पुढच्या प्रत्येक चमकेला मणका निसटल्याची खूण समजतो आणि पुन्हा टेबलाकडे धावतो. आराम खरा, पण भीतीही आता खरी. महाराष्ट्रात उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. त्यामागचं शास्त्र शून्य आहे, पण पाय लावणारा निदान 'तुमच्या पाठीची घडी पुन्हा विस्कटणार, दर महिन्याला या' असं सांगत नाही.

आणि मान झटक्याने फिरवण्यात जोखीम आहेच. मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटून पक्षाघात होण्याची प्रकरणं दुर्मिळ, पण नोंदलेली आहेत. पुन्हा कॅसिडी यांनीच 2008 मध्ये आँटॅरिओतल्या अशा 818 पक्षाघातांचा माग काढला. आधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेल्यांत हे प्रमाण वाढलेलं दिसलं, पण आधी साध्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांतही तसंच दिसलं. धमनी फाटायला लागली की मान दुखते आणि मान दुखली की माणूस कोणाकडे तरी जातोच, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. गुणाच्या बाबतीत कावळ्याची म्हण डॉक्टरांनी वापरायची आणि अपायाच्या बाबतीत तीच कायरोप्रॅक्टरांनी, असा हा मजेशीर अदलाबदलीचा व्यवहार आहे. दोन्हीकडे एकच शिस्त लावली तर 'काही अपाय नाही' हेही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये एवढंच म्हटलं: कारण सिद्ध नाही, संबंध दिसतो, आणि तो रुग्णाला आधी सांगायला हवा.

व्यवसायाच्या आतही आता उघड दुफळी आहे. ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने 2010 मध्ये जाहीर केलं, की सबलक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि तिच्यामुळे रोग होतात या दाव्याला संशोधनाचा आधार नाही. युरोपातल्या काही शिक्षणसंस्था ती केवळ इतिहास म्हणून शिकवावी असं म्हणतात. अमेरिकेतली काही महाविद्यालयं अजून उपजत प्रज्ञेवरच उभी आहेत. दुसऱ्या गटाची भीती समजण्यासारखी आहे. प्रज्ञा काढून टाकली तर फिजिओथेरपिस्टहून आपण वेगळे कसे, या प्रश्नाला मोरिकुबोंच्या वकिलाकडेही उत्तर नव्हतं.

पण खरं सांगितलं तर गुण जातो, ही जी भीती सगळ्याच उपचारकांच्या मनात असते, तिला लिस्बनमधून एक उत्तर आलेलं आहे. 2016 मध्ये तिथे जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना कॅप्सूल दिल्या गेल्या आणि त्यांत औषध नाही हे तोंडावर सांगितलं गेलं. 83 जणांनी तीन आठवडे पूर्ण केले. फक्त नेहमीचे उपचार चालू असलेल्यांची वेदना दहापैकी 0.2 ने उतरली, तर रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांची 1.5 ने. फक्त नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांना आपल्याला जास्तीचं काही मिळालेलं नाही हे माहीत होतं, त्यामुळे या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. तरी हात लावणारा माणूस 'तुमचं काहीही निसटलेलं नाही, सांधे आणि स्नायू आखडले आहेत, मी ते हलवतो, जोखीम थोडी आहे ती अशी, आणि हा व्यायाम घरी करा म्हणजे माझी गरज पडणार नाही' असं म्हणाला तर रुग्ण उठून जातील, असं गृहीत धरण्याचं कारण त्या आकड्यांत सापडत नाही.